वेळेआधीची भैरवी

पनवेलच्या शाळेत मी मास्तर म्हणून लागलो तेव्हा स्वातंत्र्य मिळून पाचसहा वर्षं झाली असतील. रविवारी दुपारी देवळाच्या सभामंडपात गाणं व्हायचं. मी आधी ऐकायला जाऊ लागलो आणि मग, खोड ती खोड, गायलाही. रीतसर शिकलेला माणूस तिथं एखाददुसराच. तांदळाचे व्यापारी, कचेरीतले कारकून, बाजारपेठेतला एक शिंपी, खेड्यातून आलेला एखादा भजनी, ज्याला हुक्की येईल त्याने गावं. माझा आवाज बरा आहे असं मला वाटे. असं वाटणारा मी एकटाच होतो, हे कळायला पुढे बरीच वर्षं गेली.

पेटीवर एक निवृत्त पोस्टमास्तर बसत. आम्ही त्यांना काका म्हणत असू. कोणाचा नंबर कधी, हे सगळं त्यांच्या डोक्यात. पुढे येऊन बसलेल्याला ते एवढंच विचारायचे, "पट्टी?" काळी दोन, पांढरी चार, काय असेल ते सांगायचं. काय गाणार हे मात्र ते कधीच विचारत नसत. तो ज्याचा त्याचा मान. एकाने एकच गाणं म्हणायचं आणि दिवेलागणीच्या सुमाराला गावातले एक वकील भैरवी म्हणायचे. भैरवीनंतर कोणी तोंड उघडायचं नाही. भल्याभल्यांचे नंबर त्यापायी राहून जात, पण कोणी हूं की चूं करत नसे.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता गव्हाणकडचा एक जण येऊ लागला. मिठागरात राबणारा, तिशीतला. लांबून चालत यायचा, त्यामुळे नंबर शेवटचा, आणि पहिले तीनही रविवार तो वकिलांची भैरवी ऐकून परत गेला होता. चौथ्या रविवारी तो बैलगाडी घेऊन आला. गाडीत गोधडीवर त्याचा म्हातारा बाप. हा बाप एके काळी गावातला भजनीबुवा, पोराला गाणं त्यानेच शिकवलेलं. आता पाय गेलेले आणि कानही निम्मेशिम्मेच राहिलेले.

"काका, दिवाली झाली का मिठाच्या आगरान कामा सुरू," तो पेटीवाल्या काकांना म्हणाला. "मंग पाऊस परेपरयंत सुटका नाय. आन पुरल्या साली बाबा असल का नसल, कोन सांगल? याला येक डाव पेटीवर ऐकवायचंय."

काका उठून गाडीपाशी गेले. पायऱ्या चढणं म्हाताऱ्याला शक्य नव्हतं, म्हणून गाडी बाहेर पिंपळाखालीच सोडली होती; तिथून आतलं काही दिसत नसे. काका त्याच्या कानाशी ओरडले, "आज वकील नाहीत! शेवटचं गाणं तुमच्या मुलाचं!" म्हाताऱ्याने मान डोलावली आणि गोधडी सारखी करून बसला.

त्या दिवशी त्याच्या आधीचा नंबर माझा होता. हॉटेलातल्या रेडिओवर एक पद पुन्हा पुन्हा ऐकून मी बसवलं होतं. त्यापायी चहा किती प्यालो याची गणती नाही. काकांना पट्टी सांगितली, डोळे मिटले आणि सुरुवात केली. पहिल्याच ओळीला पेटी अडखळली. मी डोळे उघडून पाहिलं तर काका माझ्याकडे टक लावून बघत होते. मला वाटलं, भारावले. मग काय विचारता! मी एकेक ओळ चारचार वेळा घोळवली.

गाणं संपलं आणि सगळी मंडळी हात जोडून उठली. आजवर माझ्यासाठी कोणी उठलं नव्हतं. मीही हात जोडले, नम्रपणे मान झुकवली. तबलजी तबल्यावर कापड टाकत होता. काकांनी पेटीचा भाता बंद केला आणि हळू आवाजात म्हणाले, "गुरुजी, भैरवी म्हणालात."

भैरवी म्हणजे शेवट, एवढं मला ठाऊक होतं. भैरवी म्हणजे काय, ते ठाऊक नव्हतं. सातवीच्या मुलांना व्याकरण शिकवणारा मी, माझ्या तोंडून जे बाहेर पडत होतं ते शिंप्यापासून आगरातल्या गड्यापर्यंत सगळ्यांनी ओळखलं, मी सोडून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अजून उजेड आहे, काका. ह्यांना गाऊ द्या," मी म्हणालो. काका घुटमळले. भात्याची कडी त्यांनी पुन्हा काढलीसुद्धा. पण तो गव्हाणचा माणूसच मागे सरला.

"नको, गुरुजी. भैरवी झाली. तिच्यावर कोन गात नाय. बाबानीच शिकवलंय मना."

त्याने रागावून बोलावं अशी माझी फार इच्छा होती. तो रागावला नाही. टोपी घातली आणि पायऱ्या उतरला. मी त्याच्या मागोमाग गेलो. म्हाताऱ्यापाशी माझी चूक कबूल करावी, एवढं मनाशी ठरवून.

म्हातारा गाडीत ताठ बसून होता. पोरगा जवळ आल्यावर त्याने त्याचा दंड धरला आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाला, "आयकला रं. शेवटचा तुजाच ना?" मग दंड तसाच धरून, "पन सूर लागला नाय तुजा. घरान तं बेस गातस. आज काय झाला?"

पोराने माझ्याकडे पाहिलंही नाही. तो बापाच्या कानाशी वाकला.

"भियालू, बाबा," तो म्हणाला.

म्हाताऱ्याने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. बैल जुंपले गेले. मी गाडीपासून दोन हातांवर उभा होतो, तोंड उघडलं असतं तर म्हाताऱ्याला सहज ऐकू गेलं असतं. मी उघडलं नाही.