वकिलीणबाईचा आवाज

वीटभट्टीवर तिला सगळे वकिलीणबाई म्हणत. खेचराला ठेवलेलं नाव सहसा टिकत नाही, पण हे टिकलं ते तिच्या तोंडामुळे. विटा जास्त लादल्या की ती ओरडायची, कमी लादल्या तरी ओरडायची, आणि काहीच लादलं नाही तर आपल्याला विसरले की काय म्हणून ओरडायची. सुरुवात घोड्याची, शेवट गाढवाचा, आणि मधे असा काही गळा काढायची की मुकादम हातातला चहाचा पेला खाली ठेवून म्हणायचा, "घ्या, बाईंनी अपील केलं."

तिचा मालक लगामदादा. हेही त्याचं खरं नाव नव्हे. भट्टीवर नवा गडी आला की म्हातारा त्याला एकच गोष्ट शिकवायचा, "लगाम सैल सोड. रस्ता तिला तुझ्यापेक्षा जास्त कळतो." ते ऐकून ऐकून लोकांनी त्यालाच ते नाव लावून टाकलं. अंगानं वाळलेला, बोलण्यात कंजूस, आणि खरारा हातात घेतला की जगाला विसरणारा माणूस. भट्टीच्या मागं पत्र्याची एक खोली, तिला लागून खेचराचा गोठा, मधे नुसत्या फळ्या. बायको म्हणायची, "माझ्या एका बाजूला हे घोरतात, दुसऱ्या बाजूला ती. कोण कुठलं हे मला उठून बघावं लागतं."

तरुणपणी तो डोंगरातल्या मोठ्या लढाईत होता, खेचरांच्या तुकडीत. वर जाताना दारूगोळा न्यायचा, खाली येताना जखमी आणायचे. लढाई संपली, तो घरी आला, लग्न झालं. बायकोनं एकदा विचारलं, तिकडं कसं होतं हो. तो म्हणाला, "थंडी फार होती." तिनं त्याला एक जाड स्वेटर विणून दिला आणि तो विषय तिथंच मिटला. पुढं कुणी काढला नाही.

मग सिनेमावाले आले. भट्टीपलीकडच्या टेकड्या मातीसाठी खोदून खोदून अशा झाल्या होत्या की वेगळी रणभूमी उभी करायची गरजच नव्हती. सिनेमा त्याच लढाईवर होता, पण जयजयकाराचा नव्हता. लढाई किती वाईट असते ते दाखवणारा होता. दिग्दर्शक बारीक अंगाचा, हळू बोलणारा. एका सैनिकाच्या कोटाचं बटण त्या काळच्या धातूचं नाही म्हणून त्यानं अख्खी सकाळ काम थांबवलं, तेव्हापासून भट्टीवर त्याचं नाव बटणसाहेब पडलं. त्यानं नटांना अर्धपोटी ठेवलं होतं. ओले बूट घालून झोपायला लावलं होतं. लोक हसायचे, पण लगामदादाला ते आवडलं. ओला बूट काय असतो ते त्याला माहीत होतं.

खेचरं हवी होती, तेव्हा वकिलीणबाई कामाला लागली आणि तिच्याबरोबर तोही. पहिल्याच संध्याकाळी बटणसाहेब येऊन त्याच्याशेजारी विटांच्या थप्पीवर बसला. बरोबर त्याची मदतनीस होती, सगळं टिपून घेणारी एक मुलगी.

"काका, खरं सांगा. आज काय खोटं वाटलं?"

लगामदादानं हातांची धूळ झटकली. इतक्या वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं.

"खोटं काही नाही. फक्त एवढा आवाज नव्हता तिथं."

"तोफांचा?"

"तोफा होत्या. खेचरांचा नव्हता."

मग तो बोलायला लागला. खेचर ओरडलं की पलीकडच्या डोंगरावर पत्ता लागायचा. म्हणून वर नेण्याआधी पायथ्याशी सगळ्यांचे आवाज काढून टाकले. गुरांचा डॉक्टर गळ्याखाली छोटासा छेद द्यायचा, हा डोकं धरायचा. जखम भरून यायची. खाण्यापिण्याला काही अडचण नाही.

"आणि मग?"

"मग पहिल्यांदा ओरडायला जातं ना, ते बघवत नाही. मान लांब करतं, पोट आत ओढतं, तोंड उघडतं, सगळं नेहमीसारखं करतं. आणि काही येत नाही. मग थांबतं. एक कान पुढं, एक मागं. इकडं तिकडं बघतं, आपला आवाज दुसऱ्या कुणी घेतला का म्हणून." त्यानं थप्पीवरची एक वीट सरळ केली. "वर गोळे पडायला लागले तेव्हा माझ्याजवळचं एक खेचर पाय तुटून पडलं. ते माझ्याकडं बघून ओरडत होतं. मी त्याच्याकडं बघत होतो. शेजारच्या खड्ड्यातल्या माणसाला काही कळलंसुद्धा नाही."

मुलीनं लिहिणं थांबवलं होतं. बटणसाहेब जमिनीकडं बघत बसला होता.

त्या दिवशी लगामदादा हलक्या पावलांनी घरी आला. जेवताना म्हणाला, "आज एकानं विचारलं."

"काय?"

"लढाईचं."

"आणि सांगितलंत?"

"सांगितलं."

"बरं केलंत," बायको म्हणाली. "मला तर नुसती थंडीच सांगितली होतीत."

पण दुसऱ्या दिवसापासून बटणसाहेब त्याच्या गोष्टीनं झपाटला. वकिलीणबाई कॅमेऱ्यासमोर मनसोक्त गळा काढत होती आणि प्रत्येक वेळी तो डोळे मिटून घेत होता. शेवटी एका दुपारी तो गोठ्यात आला. त्यानं आवाज चढवला नाही, आमिष दाखवलं नाही.

"काका, आवाज नंतर पुसता येतो. पण मला तो पुसायचा नाही. तुम्ही सांगितलंत तो क्षण मला खरा हवाय. एक कान पुढं, एक मागं. हे शिकवून येत नाही."

"म्हणजे?"

"डॉक्टर आहेत आपल्याकडं. नीट भूल देऊन करतील. तिला दुखणार नाही." त्यानं वकिलीणबाईच्या मानेवर हात ठेवला. "नाही म्हणालात तरी मी समजेन. पण तुमची ती सगळी जनावरं गेली, काका. माणसांचे निदान दगड तरी उभे केलेत. त्यांचं काय झालं हे कुणाला माहीत आहे? एकदा पडद्यावर दिसलं की कुणी विसरणार नाही."

लगामदादानं उद्या सांगतो म्हणून सांगितलं.

बायकोनं फळ्यांआडून सगळं ऐकलं होतं. भांडी घासता घासता तिनं विचारलं, "लढाई संपली ना तुमची?"

"संपली."

"मग हिला कुठं पाठवताय?"

"अगं, हे लढाईच्या विरुद्धचं काम आहे."

"हो. चाकूपण विरुद्धचाच असेल."

"तुला नाही कळायचं."

"मला नाहीच कळायचं. मला फक्त विणकाम कळतं." तिनं पातेलं असं पालथं घातलं की पलीकडून वकिलीणबाईनंही एक जोराची हाक दिली. एरवी दोघं हसले असते.

तो खरारा घेऊन गोठ्यात गेला. मानेवरून, पाठीवरून, पोटावरून हात फिरवत राहिला. डोळ्यांसमोर ती पायवाट होती. कड्याला चिकटलेली, एकामागून एक चढणारी खेचरांची रांग, प्रत्येकाच्या गळ्याखाली औषधाचा एक ओला डाग. ते बघणारी माणसं एकेक करून गेली होती. तोही गेला की ती रांग कुठंच राहणार नव्हती. हिचा एकटीचा आवाज, आणि त्या सगळ्यांची साक्ष. त्याच्या मनात तराजू कुठं झुकला ते त्याला झुकल्यावरच कळलं. सकाळी जाऊन त्यानं हो म्हणून सांगितलं.

डोकं त्यानंच धरलं. दुसऱ्या कुणाला धरू दिलं नाही. स्वच्छ पांढरं कापड होतं, चांगला उजेड होता, डॉक्टरचा हात हलका होता. त्या वेळी यातलं काहीच नव्हतं. त्या वेळी घाई होती, हुकूम होता, वरून बर्फ पडत होता. आता कसली घाई नव्हती आणि कुणाचा हुकूमही नव्हता.

जखम भरली. मग टेकडीवर सुरुंग लावले, धूर सोडला आणि तिला मधे उभं केलं. पहिला स्फोट झाला. वकिलीणबाईनं मान लांब केली, पोट आत ओढलं, तोंड उघडलं. बाकी सगळं लगामदादानं सांगितलं होतं तसंच झालं. एक कान पुढं, एक मागं. तिनं धुरातून मालकाला शोधलं आणि त्याच्याकडं बघून पुन्हा तोंड उघडलं. बटणसाहेबाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यानं येऊन म्हाताऱ्याचे दोन्ही हात धरले.

सिनेमावाले गेले. पूर्वी सकाळी दाण्याचा तोबरा मागायला वकिलीणबाई हाक द्यायची, त्यावर बायकोची झोप मोडायची, चूल पेटायची. आता बायको उशिरा उठायला लागली आणि उठली की आधी गोठ्यात जाऊन बघायची. भट्टीवर मुकादम एकदा म्हणाला, "बाईंनी वकिली सोडली वाटतं." कुणी हसलं नाही. त्यानं चहा तसाच ओतून दिला.

पुढच्या वर्षी सिनेमा लागला. शहरातल्या मोठ्या थिएटरात नवराबायकोला पुढची जागा मिळाली. बटणं बरोबर होती, चिखल बरोबर होता, भुकेनं खोल गेलेले डोळे बरोबर होते. मग ती टेकडी आली, धूर आला, धुरात वकिलीणबाई आली. तिनं मान लांब केली, तोंड उघडलं.

आणि ती ओरडली.

मोठा, घोगरा, लांबलचक आवाज थिएटरभर भरून राहिला. त्याच्याखालून हळूच व्हायोलिन सुरू झालं. मागच्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला. शेजारच्या बाईनं रुमाल काढला.

बायकोनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "ही आपली नव्हे."

"आपलीच आहे."

"आणि आवाज?"

तो पडद्याकडं बघत राहिला. एक कान पुढं, एक मागं, सगळं तसंच होतं. पण ओरडून झालेल्या जनावराचे कान कुठं का असेनात, त्यांच्याकडं कोण बघतं?

बाहेर पायऱ्यांवर ती टिपून घेणारी मुलगी त्याला शोधत आली. तिला मान वर करवत नव्हती.

"काका, आम्ही तसंच ठेवलं होतं. शपथ. आधी थोड्या लोकांना बोलावून दाखवलं. त्यांना वाटलं मशीन बिघडलं. मागं वळून बघायला लागले. काहीजण तर हसले. मग पैसे घालणारे म्हणाले, लोकांना काही वाटायला हवं असेल तर आवाज हवा."

"कुणाचा आहे?"

"काय?"

"आवाज."

"तयार होता आमच्याकडं, कुठला तरी जुना. साहेब खूप भांडले, काका."

"भांडले असतील."

त्यानंतर भट्टीवर लोक यायला लागले. हीच का ती, काय काळीज चिरणारं ओरडलीय, असं म्हणत गोठ्यापुढं उभे राहायचे आणि तिच्या तोंडाकडं बघत थांबायचे. लगामदादा सुरुवातीला सांगायचा, "ती ओरडलेली नाही. मुकी आहे. तिकडं सगळीच मुकी होती." लोक म्हणायचे, अहो, आम्ही या कानांनी ऐकलंय. एक भला माणूस तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "असू दे आजोबा, वयानं विसरायला होतं." तेव्हापासून त्यानं सांगणं बंद केलं.

एके दिवशी दुपारच्या बसनं एक म्हातारा उतरला. काठी टेकत, चौकशी करत भट्टीपर्यंत आला. त्या तुकडीतला लगामदादाशिवाय एवढाच एक मागं राहिला होता. लढाईनंतर त्यानं आयुष्यभर एका गिरणीच्या दारावर पहारा केला. दोघांची भेट कित्येक वर्षांत नव्हती; लगामदादाला वाटलं होतं, तोही गेला. लगामदादानं खाट पुढं ओढली. तो बसला नाही.

"सिनेमा पाहिला. शेवटी तुझं नाव येतं, माहिती देणारा म्हणून. तू तिथं होतास. आणि तुझ्यादेखत खेचर ओरडवलं त्यांनी? आपल्यातलं एक तरी ओरडलं होतं का रे?"

लगामदादा पुढं झाला. त्याचा हात धरून त्याला गोठ्यात घेऊन गेला. आत अंधूक होतं आणि पहारेकऱ्याला तसंही आता कमीच दिसायचं. लगामदादानं त्याची बोटं उचलून वकिलीणबाईच्या गळ्याखाली ठेवली.

बोटं तिथंच थांबली. त्यांना डोळ्यांची गरज नव्हती. त्यांनीही तेव्हा पुष्कळ डोकी धरली होती.

"कधीची ही खूण?"

"सिनेमाच्या वेळची."

"तू करू दिलंस?"

"हो."

पहारेकरी उभाच राहिला. वकिलीणबाई त्याची बाही हुंगत होती. मागं बायको चहाचे पेले घेऊन दारात आली आणि तिथंच थांबली.

"माझ्या नातवाला मी मुद्दाम घेऊन गेलो होतो," शेवटी तो म्हणाला. "म्हटलं, मी सांगतो ते आता आपल्या डोळ्यांनी बघ. बाहेर आल्यावर पोरगा म्हणतो, आजोबा, तुम्ही तर म्हणाला होता मुकी होती."

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? म्हटलं, माझंच चुकलं असेल."

लगामदादानं त्याच्याकडं पाहिलं. "आता जाऊन सांगशील?"

पहारेकऱ्यानं बोटं काढून घेतली आणि कोटाला पुसली.

"पोरानं तो सिनेमा परत जाऊन पाहिला, मित्रांना घेऊन," तो म्हणाला. "मी एकदाच सांगितलं होतं."