निरोगी मूत्रपिंडावर जीव जडलेले काका

माणसाच्या रूपाचं, आवाजाचं, हस्ताक्षराचं कौतुक करणारे लोक जगात पुष्कळ आहेत; पण समोरच्याला नखशिखांत न्याहाळून "याचं मूत्रपिंड ठणठणीत असणार" असं मनापासून म्हणणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो म्हणजे आमच्या मावशीचे यजमान. आम्ही त्यांना काका म्हणतो. अंबाजोगाईला मेडिकलच्या पोरांना त्यांनी उभी हयात मायक्रोस्कोपखाली शरीराचे पातळ काप दाखवण्यात घालवली. मी माजलगावला कॉलेजात मराठी शिकवतो. विज्ञानाशी माझा संबंध दहावीलाच सुटला, तरी मूत्रपिंडात काय कुठे असतं हे झोपेतून उठवून विचारलं तरी मला सांगता येईल. याला काकांचे उपकार म्हणायचे की छळ, हे अजून माझं ठरलेलं नाही.

काकांचं जगाशी एकच भांडण होतं. "समदे डॉक्टर बिघडलेलं मूत्रपिंड बघत्यात. चांगलं कसं असतंय ते बघायला टाइम न्हाई कुनाला," असं ते चहाच्या पहिल्या घोटाबरोबर सुरू करत. त्यात निरोगी माणूस आपलं मूत्रपिंड काढू देत नाही ही मोठी पंचाईत. तपासायला येणार ते आजाऱ्याचंच. मग काकांनी बकऱ्यावर भागवायचं ठरवलं. मावशी दिंद्रुडच्या लिंगायत किराणा दुकानदाराची मुलगी, अंड्यालाही न शिवणारी. एकदा सकाळी तिने फ्रिजमधून दह्याचा डबा काढला, झाकण उघडलं, तर आत बकऱ्याचं मूत्रपिंड. "आवो, हे काय आनून ठिवलंय?" "गुर्दा हाय. खायचा न्हाई, बघायचा हाय." "बघायचा तर बघा, पर माझ्या दह्याच्या डब्यात कावून?" डबा भंगारात गेला. खाटीकही काकांवर रुसून होता, कारण "बकरा निरोगी होता ना?" असं काकांनी त्याला चार गिऱ्हाइकांसमोर विचारलं होतं.

बरं, मूत्रपिंडातल्या पेशींचंही त्यांना फारसं अप्रूप नव्हतं. त्यांचा जीव पेशींच्या मधल्या मालावर. पेशींना जागच्या जागी धरून ठेवणारी जी प्रथिनं असतात ती कुणाच्या नजरेत भरत नाहीत, याचं त्यांना स्वतःचा अपमान झाल्यासारखं वाईट वाटे. एकदा तर ते वर्गात घरची बाज घेऊन गेले. सगळ्यांत जाड पोराला तिच्यावर झोपवलं आणि म्हणाले, "आता मला सांगा, ह्यो दिसतोय का सुतळीची वीण दिसती? ह्योच दिसतोय. वीण सैल झाली की मंग कळतंय, धरून कोन ठिवलं होतं." ती बाज पुढे कित्येक वर्षं कॉलेजातच राहिली आणि मावशीला पापड वाळवायला जागा उरली नाही.

या प्रथिनांचे पत्ते ते घरात सगळ्यांकडून पाठ करून घेत. रक्त गाळणाऱ्या बारीक नळ्यांच्या भिंतीत चटईसारखं अंथरलेलं ते चार नंबरचं कोलाजेन, त्याच्याच जोडीला लॅमिनिन. त्या नळ्यांचा जो झुबका असतो त्याच्या मधल्या गाभ्यात फायब्रोनेक्टिन. आणि एक नि तीन नंबरचं दांडगं कोलाजेन बाहेर, लघवी नेणाऱ्या नळ्यांच्या मधल्या गल्ल्यांत. "गल्लीतलं हे दांडगं गाळणीच्या घरात शिरलं की समजा घर बसलं," असं सांगताना त्यांचा चेहरा खरोखर पडायचा. मावशी चुलीपुढे भाकरी थापत असायची आणि काका मध्येच विचारायचे, "फायब्रोनेक्टिन कुठं असतंय?" "मधल्या गाभ्यात. ताट घ्या," मावशी मान वर न करता सांगायची. तिने आयुष्यात मायक्रोस्कोपला डोळा लावला नव्हता, पण परीक्षा घेतली असती तर ती पोरांच्या पुढे गेली असती.

माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा काका बरोबर होते. पोहे आले, नाव झालं, शिक्षण झालं. तेवढ्यात काकांनी मुलीला विचारलं, "बाळ, लघवीला फेस येतो का?" माझ्या कानशिलातून वाफा निघाल्या. मूत्रपिंडाची गाळणी फाटली की प्रथिनं लघवीत उतरतात आणि फेस धरतो, हे तिथे कुणाला ठाऊक? मुलीचे वडील पोह्यांची ताटली धरून तसेच राहिले. मुलगी मात्र शांतपणे म्हणाली, "नाही येत. तुम्हाला येतो?" काका उठून उभेच राहिले. "हीच!" म्हणाले. तीच आज माझी बायको आहे, आणि माझ्या मते त्या घरात तिला पसंत करण्याचा मान मला मिळालाच नाही.

असा प्रत्येकाच्या फेसाची चौकशी करणारा माणूस, पण घरात मावशीचा चेहरा सुजायला लागला तेव्हा तिला म्हणाला, "आता कुठं अंगाला लागतंय तुझ्या." तिचं ब्लडप्रेशर जुनं होतं. पायांना चपला होईनाशा झाल्या तेव्हा तपासण्या झाल्या, आणि कळलं की तिची दोन्ही मूत्रपिंडं बसत आली आहेत. मी भेटायला गेलो तेव्हा काका पलंगावर पाय वर घेऊन लहान पोरासारखे बसले होते. मी मावशीला म्हटलं, "अगं, फेस आला तर काय समजायचं हे तुला माहीत होतं. सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "समद्या गावाला इचारत्यात. मला कधीच इचारलं न्हाई. म्हनलं, मला येत असंल तर चालत असंल." हे ऐकून काका रडले. मी त्यांना रडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं आणि मला तिथे बसवेना.

डायलिसिस सुरू झालं. मूत्रपिंड बदलायचं तर द्यायचं कुणी, हा प्रश्न काकांनी आम्हाला पडूच दिला नाही. पण ते निवृत्त झालेले, डॉक्टर वयामुळे नको म्हणाले तर? पुण्याच्या दवाखान्यात तपासण्या चालू होत्या तेव्हा मेडिकलच्या पोरांना घाम फोडणारा हा माणूस निकालाच्या दिवशी माझा हात सोडायला तयार नव्हता. डॉक्टरबाई म्हणाल्या, "सर, तुमची मूत्रपिंडं उत्तम आहेत." काकांनी त्यांना ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग खाली जाऊन पेढे आणले आणि लिफ्टवाल्यापासून सगळ्यांना वाटले.

अडून बसली मावशी. "तुमचं काढून मला नगं," एवढंच. पोटच्या लेकाने समजावलं, मी समजावलं, ती भिंतीकडे तोंड करून पडून. दोन दिवसांनी तिने काकांना हळूच विचारलं, "माझ्या पोटात आल्यावर त्ये समदे आपल्या आपल्या जाग्यावर ऱ्हातेत का? चार नंबर, फायब्रोनेक्टिन, समदे?" काका म्हणाले, "ऱ्हातेत. ज्यानं त्यानं आपलं घर धरून ऱ्हायचं, त्येला मानूस कंचा ह्ये ठाव नसतंय." मग ती कुशीवर वळली आणि "बरं" म्हणाली.

ऑपरेशन नीट झालं. दिलेल्या मूत्रपिंडाचा सुईएवढा तुकडा काढून तपासतात, त्याची मायक्रोस्कोपखाली ठेवायची एक काच काकांनी डॉक्टरांच्या मागे लागून मिळवली. जन्मभर शोधलेलं निरोगी माणसाचं मूत्रपिंड अखेर त्यांना मिळालं, तेही स्वतःचं. लोक आल्यागेल्याला लग्नाचा अल्बम दाखवतात. काका मायक्रोस्कोप पुढे ओढत. मावशी ठणठणीत झाली, पुन्हा पापड वाळवू लागली, आणि बाज कॉलेजातून परत आली.

आता काका विसरायला लागलेत. आधी नावं गेली, मग रस्ते. मला कधी ओळखतात, कधी मेडिकलचा विद्यार्थी समजून रागावतात. मायक्रोस्कोप मात्र टेबलावर असतोच. परवा मी गेलो तर ते तीच काच मायक्रोस्कोपखाली घेऊन बघत बसले होते. बराच वेळ बघून त्यांनी मान वर केली. चेहरा नुसता उजळला होता.

"कुनाचं हाय बे ह्ये?" त्यांनी मला विचारलं. "एकानं सुदीक आपली जागा सोडलेली न्हाई. लई गुनाचं हाय."

मावशी पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, ती म्हणाली, "माझं हाय."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. ती कोण हे त्या क्षणी त्यांना आठवत होतं की नाही, मी सांगू शकत नाही. पण मुलगी पसंत पडल्यावर माना हलवतात तशी त्यांनी मान हलवली.

"जपा हो बाई," ते म्हणाले. "पानी पीत जावा."

"पिते की," मावशी म्हणाली, आणि त्यांच्यासमोर उभ्या उभ्या तिने तांब्या तोंडाला लावला.