बादचा ढीग

कापूस वेचताना उज्ज्वलाच्या बोटांना डोक्याची वाट पाहावी लागत नसे. पांढरा कापूस ओटीत, किडकी पिवळट कवडी वेगळ्या पिशवीत. यवतमाळच्या कॉलेजातून बी.एस्सी. होऊन ती बाभुळगावजवळच्या या गावात सून म्हणून आली, तेव्हा बाया हसायच्या, "कालेजवाली काय वेचते वं!" चार हंगामांत त्या हसायच्या थांबल्या. उज्ज्वलाच्या ओटीत कवडी सापडली असं पुढे कधी कुणी म्हटलं नाही.

हीच सवय लेकीच्या मुळावर येईल, असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

सलोनी तिची एकुलती एक. पुण्याला दीर्घिकांवर संशोधन करायची. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा मेळा, आणि लहान दीर्घिका एकमेकींत मिसळत मिसळत मोठ्या होतात, एवढं उज्ज्वलाला लेकीकडून कळलं होतं. असं मिसळणं किती वेळा घडतं, हा सलोनीचा प्रश्न. लॉकडाऊनमध्ये ती घरी आली ती तीन हजार चित्रं घेऊन. एकेक डोळ्यानं पाहून वेगळं करायचं. डोळे दुखायला लागले तेव्हा ती म्हणाली, "आई, तुही नजर चांगली आहे. थोडे तू कर." चार खाने होते: चक्राकार, गोल, जुळणाऱ्या म्हणजे एकमेकींत मिसळणाऱ्या, आणि बाद. चित्रावर रेघ आली, कडेला कापलं गेलं, तर बाद. उज्ज्वलानं आठशे चित्रं केली. तिला ते काम फार आवडलं होतं.

आता प्रबंध पूर्ण झाला होता. शुक्रवारी तो द्यायचा होता, त्यावर सगळ्यांसमोर बोलायचंही होतं, आणि त्याआधी सलोनी तीन दिवस घरी आली होती. रविवारी सकाळी तिनं आईबाबांना समोर बसवलं आणि भाषणाचा सराव सुरू केला.

"आमाले असं दिसलं का मोकळ्या आभाळातल्या, म्हंजे झुंडीबाहेरच्या, लहान दीर्घिका लोक समजतात त्याच्यापेक्षा खूपच कमी मिसळतात. माहे गाईड सर म्हणतात, हे नवीन आहे."

"तुह्या मायनंच शोधलं म्हण ना मंग," बाबा चहा ओतत म्हणाले. "आता दिल्लीवरून गाडी येते तिले न्यायले!"

सलोनी हसली. तिनं पडद्यावर पुढचं चित्र आणलं. एक दीर्घिका, एका बाजूनं फाटल्यासारखी, मागे अंधुक शेपूट. "हे पाह्य आई. एकटीच दिसते ना? पण अशी शेपूट दिसली का समजायचं, हिनं दुसरीले गिळलं आहे. हे बी जुळणाऱ्यांतच जाते."

उज्ज्वलाच्या हातातली बशी कलली. चहा पायावर सांडला तरी तिला कळलं नाही.

दोन दिसल्या तर तिनं जुळणाऱ्यांत टाकल्या होत्या. पण एकटी, वाकडीतिकडी, फाटलेली, शेपटीची? ती तिनं बादमध्ये टाकली होती, म्हणजे मोजणीतूनच काढली होती. विचारलंही नव्हतं. कवडी का कुणी विचारून काढतं?

त्या दिवशी ती वावरात गेली खरी, पण ओटी अर्धीही भरली नाही. बादमधलं पुन्हा कोणी उघडत नाही, हे सलोनीनंच तेव्हा सांगितलं होतं. मग नाहीच सांगितलं तर? शुक्रवार निघून जाईल. लेक डॉक्टर होईल. मग कुठल्यातरी देशात कुणीतरी तीच चित्रं काढून पाहील आणि म्हणेल, या मुलीनं शेपटीच्या सगळ्या दीर्घिका लपवल्या. लपवल्या असंच म्हणतील. आईनं फेकल्या, असं कोण म्हणणार? आणि आता सांगितलं तर पाच वर्षांचं काम आजच बसेल. फेलोशिप डिसेंबरात संपते. ती बांधावर बसून राहिली.

सोमवारी दुपारी सलोनी भाकर खात होती. उज्ज्वला तिच्यासमोर बसली.

"सलोनी, मी ना, शेपटीवाले बादमध्ये टाकले."

"कोणचे शेपटीवाले?"

"सगळेच. मले वाटलं, खराब आहेत."

सलोनीचा घास हातातच राहिला. ती हात न धुताच उठली, डाव्या हातानं लॅपटॉप उघडला. बादमध्ये दोनशे अकरा चित्रं होती. पहिल्या दहांत सहा शेपटीची निघाली. उज्ज्वला मागे उभी होती. प्रत्येक चित्र उघडताना तिला वाटे, हे तरी रेघेचं निघू दे. अकराव्यातही शेपूट होती.

"कालच काहून नाई सांगतलं?"

"भेव वाटलं बेटा."

"मले आता काय वाटून राह्यलं असन?" सलोनी ओरडली, आणि मग आवाज एकदम खाली आणून म्हणाली, "मीच तपासाले पाह्यजे होतं. तुले शेपटीचं सांगतलंच नवतं मी."

ती सरांना मेल लिहू लागली. 'माझ्याकडून वर्गीकरणात चूक झाली,' एवढं वाचून उज्ज्वलानं तिचा खांदा धरला. "माह्यं नाव लिही. झालं तसं लिही."

"त्यानं अजून वाईट दिसन आई. घरच्याकडून करून घेतलं म्हणतीन."

"म्हणू दे. खोटं नको राहाले."

सलोनीनं खोडलं, पुन्हा लिहिलं, आणि पाठवलं.

सरांचा फोन तासाभरानं आला. घरात फोनवर आवाज तुटतो, म्हणून सलोनी अंगणात गेली. खिडकीतून उज्ज्वलाला तिची पाठच दिसत होती. ती मधून मधून मान हलवी. हो म्हणते की नाही, ते इथून कळत नव्हतं. एकदा तिनं कपाळाला हात लावला. उज्ज्वलानं खिडकीचा गज घट्ट धरला.

सलोनी आत आली आणि उंबऱ्यावरच बसली.

"शुक्रवार रद्द. तीन हजार पुन्हा पाहाचे. दोघांनी वेगवेगळे. नवीन आकडा काय निघन, सर बी सांगू शकत नाई."

"आन् डिसेंबर?"

"माहीत नाई."

उज्ज्वला तिच्याजवळ टेकली. "मी करू का मदत? आता शेपूट वळखतो मी."

"नाई आई," सलोनी तिच्याकडे न पाहता म्हणाली. "ह्या वक्ताले तू नको."

उज्ज्वलानं मान डोलावली. ती उठली आणि लेकीची अर्धी राहिलेली भाकर गरम करायला आत गेली.