नामाचा खांदा

खालापूरच्या अंगाला, घाटाखालच्या आमच्या गावात कोणी मेलं की आधी नामाला हाक जायची. मेलेला सोयरा की वैरी, तो बघायचा नाही. मानमोडीच्या तापाची साथ आली त्या सालात तर पंधरा दिवसांत त्यानं अकरा तिरड्या वाहिल्या. काळीज होतं बाबा त्याला!

बारावा गेला शेजारचा सदू, आणि नेमका तेव्हाच नामाचा धीर सुटला. हे मरण खांद्यावरून आपल्या बायकोच्या, हिरूच्या उशाशी आणायचं? बोलवायला आलेल्यांना तो सांगून बसला की हिरूला दिवस गेलेत. पोटुशी बाईच्या नवऱ्यानं खांदा द्यायचा नसतो, मग कोण काय बोलणार? निम्मं गाव अंथरुणात. चौथा खांदा सदूच्या बायकोनं, गोदूबाईनं दिला.

हिरूची कूस बारा वर्षांत उजवली नव्हती. मेल्या नामाला दुसरं निमित्त सुचू नये?

तेरावं झालं आणि गोदूबाई चिंचेचा गोळा घेऊन आली. विधवेची सावली पोटुशीवर पडू नये म्हणून अंगणाबाहेरच थांबली, चिंच कुंपणाशी ठेवली, जपून राहायला सांगून गेली. हिरू ती चिंच मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसली.

"खोटंच बोलायचं होतं, तर दुसरं कायच सुचलं नाय?" एवढंच ती नवऱ्याला म्हणाली.

खोटं पोट किती महिने वाढवणार? पुढं नामानं हिरूचं पोट पडल्याचं सांगितलं. गोदूबाईनं कपाळ बडवून घेतलं. आपलीच सावली पडली, आपणच ते पोर खाल्लं, म्हणून ती ऊर फुटेस्तोवर रडली. नामानं तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. दोन शब्दांचं काम, पण लाज आडवी आली. त्यानंतर गोदूबाई कुठल्या पोटुशीच्या दारात गेली नाही. गावात बारसं असलं की ही घरात दार लावून बसायची.

नामानं पुढं एकही खांदा चुकवला नाही. लोक देवमाणूस म्हणायचे आणि तो मान खाली घालून वाट धरायचा.

सतरा वर्षांनी गोदूबाई गेली. नामानं पुढचा खांदा घेतला तो कुणाला बदलू दिला नाही. वाटेत विसाव्याला तिरडी टेकवली, तेव्हा तो तिच्या कानाशी वाकला. लोकांना वाटलं, देवाचं नाव घेतोय.

"वैनी, पोर नव्हतंच वो," तो म्हणाला. "तुमच्या सावलीनं कायसुदिक झालं नाय."

सतरा वर्षं तो कान कुडाच्या भिंतीपलीकडंच होता.