काट्याशिवायचा गळ

हे निवृत्त झाले आणि तिसऱ्याच दिवशी माझ्या स्वयंपाकघरात शिरले. मी अंघोळीला गेले होते. बाहेर येऊन बघते तर सगळे डबे ओट्यावर, आणि हे हळदीच्या डब्यावर चिकटपट्टी लावून त्यावर ‘हळद’ असं लिहीत होते.

‘‘हळद आहे हे मला दिसतं,’’ मी म्हटलं.

‘‘सिस्टीम हवी,’’ हे म्हणाले.

आठवडाभरात ह्यांनी मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावले, झाडू कुठे ठेवायचा हे ठरवलं आणि माझी फोडणी करपतेय असं मला दाराबाहेरून सांगितलं. शेवटी मी हात जोडले. ‘‘काहीही करा, पण घराबाहेर करा.’’

हे गेले आणि गळ घेऊन आले. चांगला लांबलचक, चकचकीत, फिरकीवाला. आमचा भाईंदर पूर्वेचा फ्लॅट एवढा लहान की तो गळ हॉलमध्ये तिरका ठेवावा लागला, आणि टीव्ही लावायला त्याच्या खालून वाकून जावं लागे. माझं माहेर रत्नागिरीचं, माझे काका गळाने मासे धरायचे. पण हे वाढले लालबागला. ह्यांनी मासा पाहिला तो ताटातच.

रोज संध्याकाळी हे मुर्धा गावाला खाडीवर जायला लागले. सोबतीला कोण, तर आमच्या वरच्या मजल्यावरचे शेठ. दुकान मुलांच्या हाती देऊन तेही ह्यांच्यासारखेच मोकळे झाले होते. शेठ कांदा-लसूणसुद्धा खात नाहीत. ‘‘मैं सिर्फ़ हवा खाने आता हूँ, भाभी,’’ असं त्यांनी मला आधीच सांगून टाकलं. हे गळ टाकून बसायचे, आणि शेजारी शेठ मासा लागू नये म्हणून मनातल्या मनात प्रार्थना करायचे. शेठची प्रार्थना फारच चालत असावी. महिना झाला तरी ह्यांना एक बोटभर मासा मिळाला नाही. दोघे घरी मात्र खुशीत यायचे. एक जण मासा मिळाला नाही तरी हसायचा आणि दुसरा मिळाला नाही म्हणून सुटकेचा निःश्वास सोडायचा.

एके दिवशी हे पिशवी नाचवत आले. ‘‘घे. आज तळ!’’

मी पिशवी उघडली. आत सुरमईच्या सात तुकड्या.

‘‘ही पाण्यात अशीच कापलेली पोहत होती का?’’

‘‘तिथेच साफ करून घेतली.’’

‘‘सुरमई खोल समुद्रातली. मुर्ध्याच्या खाडीत काय लग्नाला आली होती? आणि अंगाला बर्फ कसा चिकटलाय?’’

ह्यांनी गंभीरपणे पंख्याकडे बघितलं. ‘‘आज पाणी गार होतं,’’ म्हणाले. मी तुकड्या तळल्या. चव छान होती, आणि जेवताना आम्ही दोघंही खाडीबद्दल काही बोललो नाही.

मग माझा धाकटा भाऊ आला. त्याचा मोठा व्यवसाय आहे, अंधेरीला ऑफिस आहे. सोफ्यावर बसताना त्याच्या डोक्याला गळ लागला. ‘‘भावोजी, हे काय चाललंय? रिकामे का बसता? माझ्याकडे या. विश्वासाचा माणूस हवाच आहे मला. एसी केबिन देतो.’’

मला पटलं, खोटं कशाला बोलू? त्या पगारातून होणारा नवा ओटा डोळ्यांसमोर आला. मी ह्यांच्याकडे बघितलं. माझ्याकडे बघून हे ‘‘बरं’’ म्हणाले.

हे पुन्हा डबा घेऊन जायला लागले. घर शांत झालं, डबे मी हवे तसे लावले. पण हे परत आले की जेवायचे आणि भिंतीकडे बघत बसायचे. मुद्दाम फोडणी करपवली, तरी एक शब्द नाही.

एका संध्याकाळी शेठ दारात उभे. चेहरा पडलेला. ‘‘भाभी, भाई का डंडा मिलेगा?’’

‘‘गळ? आप मछली पकडेंगे?’’

‘‘राम राम! काँटा निकाल के दो. सिर्फ़ डोरी डालूँगा. आदत हो गई है.’’

मी काटा काढून दिला. त्यानंतर ते रोज गळ घेऊन जाऊ लागले.

पुढच्या रविवारी हे मला घेऊन खाडीवर गेले. बांधावर शेठ एकटेच पाण्यात नुसता दोरा सोडून एकाग्रतेने बसले होते. मागून गावातल्या दोन बायका टोपल्या घेऊन चालल्या होत्या. एकीने वाकून वर आलेला दोरा बघितला आणि ती ओरडली, ‘‘अगो, याच्या गलाला काटाच न्हाय!’’

शेठ शांतपणे म्हणाले, ‘‘मालूम है.’’

आणि हे हसायला लागले. हसता हसता खाली बसले. शेठही हसले, त्या बायकाही. किती तरी दिवसांनी मी ह्यांचा आवाज ऐकत होते. मी तिथेच म्हटलं, ‘‘उद्या भावाला सांगून टाका. ओट्याचं बघू नंतर.’’

‘‘खरंच?’’

‘‘खरंच. पण डब्यांना हात लावायचा नाही.’’

ह्यांनी नोकरी सोडली, गळाला पुन्हा काटा लावला, आणि मीही अधूनमधून दोघांबरोबर जायला लागले. आणि एकदा खरंच गळाला ओढ लागली. हे एवढे दचकले की पाय चिखलात घसरला. ‘‘पकडा, पकडा!’’ मी ओरडले. शेठनी डोळे घट्ट मिटून, तोंडाने मंत्र पुटपुटत ह्यांची कंबर धरली. हे पाण्याकडे घसरतायत, शेठ रस्त्याकडे ओढतायत, आणि समोर वीतभर शिंगाळा, मिश्या हलवत हवेत लटकलेला.

मला त्याची आमटी ताटात दिसली. चिंच, तिरफळ, सगळं. मग मी शेठकडे बघितलं. त्यांनी एकच डोळा उघडला होता.

‘‘सोडा त्याला,’’ मी म्हटलं. ‘‘एवढ्याशाने कुणाचं पोट भरतंय?’’

ह्यांनी फडक्यात धरून काटा सोडवला. शिंगाळा गेला. शेठनी पापाला हात लागला म्हणून उद्याचा उपास जाहीर केला, आणि उद्याचा आहे म्हणून आज ठेपल्यांचा डबा उघडला. चिखलाने भरलेले आम्ही तिघं बांधावर बसून खात होतो, तेवढ्यात भावाचा फोन आला.

‘‘ताई, भावोजींना एकदा नीट विचार. इतकी चांगली जागा सोडून त्यांना मिळालं तरी काय?’’

शेजारी हे दोघं मासा केवढा होता हे रंगवून सांगत होते. ह्यांचे हात वीतभरावरून हातभर झाले होते, आणि साक्षीदार शेठ, ज्यांनी डोळे मिटले होते, तेही मान डोलावत होते.

माझ्या तोंडात ठेपला होता. ‘‘थांब,’’ मी कसंबसं म्हटलं, ‘‘आधी ह्या दोघांचं ऐकू दे.’’