यादीतला अकरावा

मला याद्या करायची सवय आहे. लाकडाच्या डेपोवर ती उपयोगी पडते, आणि चांद्यातले लोक तिची थट्टाही करतात. पण ती लागली ब्रह्मदेशातल्या तुरुंगात.

युद्धात मी वैमानिक होतो. विमान पडलं, मी वाचलो आणि जपान्यांच्या हाती लागलो. कैदेत कागद-पेन्सिल बाळगायला बंदी होती, म्हणून मरणाऱ्या सोबत्यांचे निरोप मी पाठ करत असे. सकाळी हजेरीसाठी उन्हात उभं करत, तेव्हा मनातल्या मनात ते ओळीनं म्हणून घ्यायचो. नाव, गाव, निरोप. शेवटी असे अकरा झाले.

अकरावा आमच्याच जिल्ह्यातला, ब्रह्मपुरीकडच्या नदीकाठच्या गावचा. पलटणीत खेचरं हाकायचा. पाय सुजण्याच्या आजारानं तो वारला. आदल्या दिवशी म्हणाला, "साहेब, तुमी चांद्याचे. माह्या घरी जाऊन सांगजा. धाकट्याले म्हणा, तिचा पाट लावून घे. वाट नोका पाहू म्हणा."

"तूच जाऊन सांग की."

"मी गेलो तं भूत समजून पळतीन."

मोठा भाऊ गेला तर त्याच्या बायकोनं धाकट्या दिराशी पाट लावायचा, म्हणजे दुसरं लग्न करायचं, अशी त्यांच्यात रीत होती.

सुटका झाल्यावर दवाखान्यातच कागद मागून घेतला आणि यादी उतरवली. लांबच्या दहा घरांना पत्रं दोन दिवसांत गेली. अकराव्याच्या घरी वाचता येणारं कोणी नव्हतं. तिथे तोंडीच सांगायचं होतं, आणि गाव तर आपल्याच जिल्ह्यात, म्हणून ते शेवटी ठेवलं. जवळचं काम केव्हाही होतं, असं मी धरून चाललो. खरं सांगायचं तर त्या दहा घरांतली तोंडं मला पाहावी लागणार नव्हती. इथे लागणार होती. मग नोकरी आली, लग्न झालं, डेपो अंगावर पडला. दरवर्षी नवी वही केली की ते नाव पहिल्या पानावर उतरवायचो, आणि ते तिथेच राहायचं.

सात वर्षांनी गेलो. छोट्या रेल्वेगाडीनं ब्रह्मपुरी, पुढे धानाच्या बांधांवरून पायी.

अंगणात एक बाई सुपात तांदूळ पाखडत होती. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. मी त्याचं नाव घेऊन घर विचारलं.

"इथीच. काही खबर आणली का त्याईची?" म्हणजे हीच त्याची बायको.

सांगायची वाक्यं मी गाडीत ठरवून घेतली होती. ती तशीच क्रमानं सांगितली. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"तुमी डोळ्यानं पाह्यलं?"

"हो. शेजारीच होतो."

धाकटा वावरातून आला. पाटाचा निरोप मी त्याच्यासमोर सांगितला. तो बराच वेळ पायाला लागलेला चिखल काढत बसला.

"सरकारचा कागद आला होता, बेपत्ता म्हणून. पंच म्हणे, पाट लावाचा तं मेलेला पाह्यला असा माणूस आणा, नाई तं बारा साल थांबा. चार साल थांबलो मी, साहेब. मंग दुसरीसंगं लगन केलं."

आत बाळ रडलं. धाकट्याची बायको ते कडेवर घेऊन दारापर्यंत आली, आमच्याकडे पाहून परत आत गेली.

मी माफी मागायला सुरुवात केली. तो म्हणाला, "राहू द्या आता. आंघोळीले जा लागते नदीवर. तुमीबी चला. तुमीच होते त्याच्यापाशी."

सूप ठेवून ती उठली आणि आम्ही तिघं निघालो. वाटेत तिनं विचारलं, "चांद्याहून इथी याले किती वेळ लागते, भाऊ?"

"अर्धा दिवस."

ती झपाझप पुढे चालू लागली. धाकट्यानंही मागे वळून पाहिलं नाही.

नदीवर तिनं आधी कुंकू धुतलं. मग हात ओले करून एकेक बांगडी उतरवली आणि दगडावर ओळीनं ठेवली. मी सवयीनं मोजू लागलो. चारवर थांबलो आणि पाण्यात उतरलो.