टँकरच्या पाण्यावर आलेला आळ

मंदारचा दिवस नऊ वर्षं ॲसिडिटीच्या गोळीनंच उजाडायचा. आधी गोळी, मग चहा. कुण्या डॉक्टरनं सांगितलं होतं? कुणीच नाही! चितेगावच्या कंपनीत स्टोअरकीपर, वय चव्वेचाळीस, लग्न नाही आणि हिमांशूचं नाव चारचौघांत काढायची सोय नाही. पोटात जळणारच हो.

दोन हजार सोळाच्या दुष्काळात शहराच्या सातारा परिसरातल्या त्याच्या अपार्टमेंटला सांडू टँकरवाल्याचाच आधार होता. मे महिन्यात मंदारला जुलाब लागले, रक्त पडलं, आठ दिवसांत माणसाचं चिपाड झालं. सोसायटीच्या अध्यक्ष भानुमतीकाकू त्याला रोज मऊ भात पाठवायच्या. त्यांनीच निकाल दिला, "टँकरचं पाणी, दुसरं काय!" सांडूचा टँकर बंद. वड्याचं तेल वांग्यावर काढायला आपल्याकडं वेळ लागतो का कधी?

पहिलं औषध लागू पडेना. डॉक्टर चारुताबाईंनी नवा रिपोर्ट पाहिला.

"बिल्डिंगमध्ये आणखी कुणाला त्रास?"

"नाही."

"जोडीदाराला?"

मंदारनं केबिनचं दार नीट लागलंय का ते पाहिलं. मग म्हणाला, "हिमांशूला. पंधरा दिवसांपूर्वी."

"हे जंतू शरीरसंबंधातूनही लागतात. पोटातलं आम्ल त्यातले बरेचसे मारतं. तुम्ही ते आम्लच रोज दाबत आलात, म्हणून धोका वाढला. औषध बदलते. गोळी खरंच लागते का तेही बघू. आणि त्यांनाही तपासायला पाठवा."

हिमांशूला कुणीतरी जोडीदाराच्या मानानं 'त्यांना' म्हटलं होतं. मंदारला रडूच आलं.

घरी आला तर जिन्याशी सांडू हात जोडून उभा. "साहेब, माफी करा. टाकी दोनदा धुतली जी. माझ्याच पाण्यानं झालं ना?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तर सगळं झाकलं गेलं असतं. पण झाकून झाकून मंदार आता लई थकला होता. कठडा धरत तो दोन मजले चढून काकूंच्या दारात गेला.

"काकू, पाण्याचा दोष नाही. मला हे माणसाकडून लागलंय. टँकर सुरू करा."

"माणसाकडून? कोणाकडून रे?"

"हिमांशूकडून. आम्ही एकमेकांचे आहोत."

काकूंनी दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सांडूचा टँकर आला. मऊ भात आला नाही. मंदारनं टँकरचं पाणी घेतलं आणि भिंतीला टेकत आपला कुकर लावला.